पोटगीचा आकडा कसा ठरतो: नागपुरातल्या पक्षकारांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

देशातल्या कुठल्याही कुटुंब न्यायालयात पोटगीच्या अर्जावर युक्तिवाद सुरू झाला की पाच-दहा मिनिटांत 'रजनेश विरुद्ध नेहा' हे नाव निघतेच. हे प्रकरण मुळात नागपूरच्या कुटुंब न्यायालयातले आहे, हे मात्र नागपुरातल्याच पुष्कळ पक्षकारांना ठाऊक नसते. पत्नीने सप्टेंबर २०१३ मध्ये अंतरिम पोटगीचा अर्ज केला आणि त्यावरचा आदेश ऑगस्ट २०१५ मध्ये, म्हणजे जवळपास दोन वर्षांनी झाला. पत्नीला दरमहा १५,००० रुपये, मुलाला आधी ५,००० आणि पुढे १०,००० रुपये असे त्या आदेशाचे स्वरूप होते. पतीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये फेटाळली, प्रकरण दिल्लीला गेले, आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच निमित्ताने सगळ्या देशासाठी पोटगी ठरवण्याची पद्धत घालून दिली.

या पद्धतीचा गाभा असा की पोटगीचा आकडा कोण किती वाईट वागले यावर फारसा ठरत नाही, तो दोन्ही बाजूंच्या उत्पन्नाच्या आणि खर्चाच्या कागदांवर ठरतो. माझ्याकडे येणारे पक्षकार, मग ते पती असोत वा पत्नी, पहिला तासभर संसाराची कहाणी सांगतात. ती ऐकून घेणे हे वकिलाचे काम आहेच, पण त्या तासाभरातून आकड्याच्या उपयोगाची दोन-तीनच वाक्ये हाती लागतात. हा लेख त्या दोन-तीन वाक्यांविषयी आहे.

पहिला टप्पा: कोणत्या कायद्याखाली मागायचे

जुनी माणसे ज्याला 'खावटी' म्हणत, त्या पोटगीचे कायद्यात एकच दार नाही. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २४ खाली खटला चालू असेपर्यंतची, म्हणजे वादकालीन पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. कलम २५ खाली हुकूमनामा (दाव्याचा न्यायालयाने दिलेला निर्णय) होताना किंवा त्यानंतर केव्हाही कायमची पोटगी मागता येते. 'त्यानंतर केव्हाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण घटस्फोट झाला तेव्हा काही मागितले नाही म्हणून आता हक्क गेला, अशी समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. ही दोन्ही कलमे पती आणि पत्नी या दोघांनाही खुली आहेत. २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने शिक्षिका असलेल्या पत्नीने घटस्फोटित पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी हा नांदेडच्या न्यायालयाचा आदेश कायम ठेवला होता. अशी प्रकरणे विरळ असली तरी कायद्याला ती अमान्य नाहीत.

दुसरे दार म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. हे कुठल्याही धर्माच्या पत्नीला, मुलांना आणि आई-वडिलांना उपलब्ध आहे; घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्री या कलमापुरती 'पत्नी'च मानली जाते. मुस्लिम घटस्फोटित स्त्रीलाही हे दार खुले आहे की नाही, हा शाहबानो प्रकरणापासूनचा वाद होता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते खुले आहे असे स्पष्ट केले. १९८६ च्या मुस्लिम महिला अधिनियमाखालचा हक्क त्याशिवाय आहेच. विशेष विवाह अधिनियमाखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्या पत्नीसाठी त्या अधिनियमाची कलमे ३६ आणि ३७ आहेत, आणि कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ च्या कलम २० खाली आर्थिक साहाय्य मागता येते.

एकाहून अधिक दारे ठोठावण्यास मनाई नाही, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी रक्कम मिळवून त्यांची बेरीज करता येत नाही. एका न्यायालयाने दरमहा ८,००० रुपये दिले असतील तर ते पुढच्या न्यायालयाला सांगणे बंधनकारक आहे, आणि पुढचे न्यायालय त्या रकमेची वजावट करून किंवा ती गृहीत धरूनच आपला आकडा ठरवते. आधीचा आदेश लपवला आणि तो समोरच्याने हजर केला, तर अर्जदाराचे बाकीचे म्हणणेही न्यायाधीश संशयानेच वाचतात.

इथे फारकतीविषयी थोडे विषयांतर आवश्यक आहे. दोन्हीकडच्या चार माणसांना बसवून, स्टॅम्प पेपरवर 'आमची राजीखुशीने फारकत झाली, पत्नीस एकरकमी अमुक रुपये दिले, यापुढे तिचा काही हक्क राहिला नाही' असे लिहून नोटरी करून घेण्याची रीत आमच्याकडे अजून संपलेली नाही. ज्या समाजात रूढीने घटस्फोट मान्य आहे आणि ती रूढी पुराव्याने शाबीत करता येते, तेवढा अपवाद सोडला तर या कागदाने हिंदू विवाह संपत नाही. आणि पत्नीने पोटगीचा हक्क कायमचा सोडून दिला, हे कलमही न्यायालये सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरवत आली आहेत. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेला पती आणि त्याच भरवशावर दागिने परत करून बसलेली पत्नी, हे दोघेही मी एकाच आठवड्यात पाहिले आहेत.

दुसरा टप्पा: अर्ज कुठे आणि केव्हा

नागपूर शहराच्या हद्दीतली वैवाहिक प्रकरणे आणि कलम १४४ चे अर्ज कुटुंब न्यायालयात चालतात. जिथे या न्यायालयाची हद्द पोहोचत नाही, अशा तालुक्याच्या ठिकाणी घटस्फोटासाठी दिवाणी न्यायालय आणि पोटगीसाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी अशी विभागणी असते. पत्नी माहेरी राहायला आली असेल तर तिला पतीच्या गावी जाण्याची गरज नाही. कलम १४४ चा अर्ज ती राहते तिथे करता येतो आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाची याचिकाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या पतीविरुद्ध त्रिमूर्तीनगरात माहेर असलेली पत्नी नागपुरातच दाद मागू शकते.

खर्चाच्या भीतीने अर्ज लांबवू नये. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्री पक्षकारांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो आणि १५१०० या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते.

'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर मात्र रुपयांत मोजता येते. २०२० च्या निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवून दिले आहे. वेगळे राहू लागल्याच्या तारखेपासून ती मिळत नाही, आणि आदेश उशिरा झाला म्हणून आदेशाच्या तारखेपर्यंत थांबावेही लागत नाही. दोन्हीकडचे नातेवाईक 'थोडे थांबा, समजूत घालू' म्हणतात आणि वर्ष निघून जाते. त्या वर्षाची पोटगी सहसा कुठेच मिळत नाही. अर्ज दाखल करून समजुतीची बोलणी चालू ठेवता येतात. कुटुंब न्यायालय तर स्वतःच आधी समुपदेशकाकडे पाठवते.

तिसरा टप्पा: मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र

खरे काम इथे आहे. दोन्ही पक्षांनी आपले उत्पन्न, मालमत्ता, कर्जे, अवलंबून असलेली माणसे आणि महिन्याचा खर्च यांचे विहित नमुन्यातले प्रतिज्ञापत्र दाखल करणे आता अनिवार्य आहे. त्याचे शेतकरी आणि बिगर-शेतकरी पक्षकारांसाठी वेगवेगळे नमुने सर्वोच्च न्यायालयाने निकालाला जोडलेले आहेत. गैरअर्जदाराने जास्तीत जास्त चार आठवड्यांत आपले प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. त्यासाठी दोनहून अधिक मुदती मिळू नयेत, आणि तरीही टाळाटाळ केली तर त्याचा बचाव काढून टाकण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. खोटी माहिती दिल्यास खोट्या पुराव्याची आणि न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते. या निर्देशांची अंमलबजावणी नीट होत नाही असे दिसल्यावरून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सगळ्या न्यायालयांकडे पाठवले होते.

नमुना भरताना बहुतेक जण उत्पन्नाच्या रकान्यापाशी थबकतात आणि खर्चाचा रकाना घाईने उरकतात. व्हायला उलटे हवे. 'घरखर्च २०,०००' असे एका ओळीत लिहिलेल्या अर्जाला वजन नसते. घरभाडे, किराणा, दूध, सिलिंडर, वीज, मुलांची शाळेची फी, ऑटो किंवा स्कूलबस, शिकवणी, औषधे, मोबाइल अशा ओळी पाडाव्यात आणि ज्याची पावती आहे तिथे पावतीचा अनुक्रमांक घालावा. वर्षातून एकदाच येणारा खर्च बाराने भागून लिहावा. वीजबिल कुठल्याही एका महिन्याचे जोडू नये: नागपुरात डिसेंबरचे बिल आणि कूलर दिवसरात्र चालणाऱ्या मे महिन्याचे बिल यांत इतके अंतर असते की एक लावले तर खर्च कमी दिसतो आणि दुसरे लावले तर अर्जदार फुगवून सांगते असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. बारा महिन्यांची बिले काढून सरासरी मांडली की तो प्रश्नच उरत नाही.

उत्पन्नाच्या बाजूचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एका बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून आणलेल्या कागदांत पतीच्या दोन पगारपत्रिका होत्या. एक नोटीस मिळण्यापूर्वीची मार्च महिन्याची, दुसरी जुलैची. मूळ वेतन तेच, भत्ते तेच, पण मार्चमध्ये शून्य असलेला ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी जुलैत १८,००० रुपये झाला होता आणि खाली पतसंस्थेच्या कर्जाचा १२,००० रुपयांचा नवा हप्ता आला होता. हातात पडणारा पगार ३०,००० रुपयांनी घसरला होता, आणि पतीने प्रतिज्ञापत्रात तोच खालचा आकडा आपले उत्पन्न म्हणून लिहिला होता. न्यायालये आयकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी यांचीच वजावट मान्य करतात. स्वतःच्या बचतीत वळवलेली रक्कम आणि मर्जीने काढलेले कर्ज पुन्हा उत्पन्नात मिळवले जाते. म्हणून पत्नीने शक्य असेल तर वाद सुरू होण्यापूर्वीच्या पगारपत्रिका किंवा फॉर्म १६ जपून ठेवावा, आणि नसेल तर मालकाकडून पगाराचा तपशील मागवण्याचा अर्ज न्यायालयाकडेच करावा. पोटगीचा वाद असताना पगाराची माहिती ही निव्वळ पतीची खासगी बाब राहत नाही असे नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये म्हटले असले, तरी माहिती अधिकाराच्या वाटेने जाण्यापेक्षा न्यायालयाच्या आदेशाने आलेला कागद पुराव्यात थेट वाचला जातो.

मिहानमधल्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीत काम करणाऱ्याचा वार्षिक बोनस आणि शेअर्स महिन्याच्या पगारपत्रिकेत दिसत नाहीत. ते फॉर्म १६ मध्ये आणि खाते-उताऱ्यात दिसतात. इतवारीतल्या व्यापाऱ्याचे विवरणपत्र वर्षाला साडेतीन लाख दाखवत असेल आणि त्याच वर्षी गाडीचा हप्ता महिन्याला १४,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,६८,००० रुपये नियमित जात असेल, तर उरलेल्या १,८२,००० रुपयांत चार माणसांचे घर कसे चालले, हा प्रश्न उलटतपासणीत विचारावाच लागतो. राहणीमान हाही उत्पन्नाचा पुरावाच आहे, असे न्यायालये वारंवार म्हणतात.

शेतीच्या बाबतीत मात्र कागद कमी आणि तोंडी व्यवहार जास्त, म्हणून तिथे अधिक चिकाटी लागते. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेचा सौदा पुष्कळदा झाडावरच होतो. व्यापारी इसार देतो, तोड झाल्यावर उरलेली रक्कम रोखीत येते, आणि प्रतिज्ञापत्रात 'शेती तोट्यात' एवढेच लिहिले जाते. अशा वेळी सातबारा उताऱ्यातून क्षेत्र आणि पीक-पाहणीतून झाडांची नोंद मिळते, पीक कर्जाच्या आणि पीक विम्याच्या अर्जात शेतकऱ्याने स्वतःच लिहिलेले क्षेत्र व पीक मिळते, आणि माल बाजार समितीत गेला असेल तर काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, मिळते. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांच्या तोडीनंतर खात्यात काय भरणा झाला ते पाहावे. शेतकऱ्याचे उत्पन्न बारा महिन्यांत सारखे पसरलेले नसल्याने कुठल्याही एका तिमाहीचा उतारा दिशाभूल करतो. निदान तीन वर्षांचे उतारे काढावेत. उलट बाजूने, गारपिटीने किंवा फळगळीने खरोखर नुकसान झालेल्या पतीनेही पंचनाम्याची नक्कल जोडावी, कारण नुसते 'बाग गेली' म्हणण्याला कुणी मानत नाही.

चौथा टप्पा: आकडा कसा बसवतात

कायद्यात ठरलेले सूत्र नाही. दोघांचा सामाजिक व आर्थिक दर्जा, अर्जदाराच्या रास्त गरजा, शिक्षण आणि नोकरीची पात्रता, स्वतःचे उत्पन्न, लग्नापूर्वी नोकरी होती का आणि संसारासाठी किंवा मुलांसाठी ती सोडावी लागली का, लग्न किती वर्षे टिकले, देणाऱ्याची ऐपत, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे आणि दाव्याचा खर्च, हे सगळे एकत्र तोलले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला ५ कोटी आणि मुलासाठी १ कोटी रुपये देताना हेच मुद्दे पुन्हा मांडले, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या प्रकरणात पोटगी ही पतीच्या वाढत्या संपत्तीशी पत्नीची बरोबरी साधण्यासाठी नसते असेही बजावले. वर्तमानपत्रातले कोटींचे आकडे वाचून अर्जात तसा आकडा घालू नये. ते आकडे त्या पतींच्या ताळेबंदातून आलेले असतात.

तरीही सुरुवात कुठून करायची यासाठी दोन मोजपट्ट्या वकिलांच्या तोंडी असतात. पहिली, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी न्याय्य म्हटली होती. दुसरी दिल्ली उच्च न्यायालयाची, जिच्यात कुटुंबाच्या एकूण उत्पन्नाचे वाटे पाडतात आणि कमावणाऱ्याला बाहेर पडण्याचा खर्च जास्त म्हणून एक वाटा अधिक देतात.

समजा, पतीचा एकूण पगार १,१५,००० रुपये आहे आणि आयकर, व्यवसाय कर व सक्तीचा भविष्य निर्वाह निधी मिळून १५,००० रुपये कापले जातात. निव्वळ उत्पन्न १,००,००० रुपये झाले. वर सांगितलेल्या पगारपत्रिकेसारखी ऐच्छिक बचत १८,००० आणि कर्जाचा हप्ता १२,००० दाखवून त्याने हातात ७०,००० रुपयेच येतात असे म्हटले, तर २५ टक्क्यांनी १७,५०० रुपये होतात. योग्य आकडा धरला तर २५,०००. फरक महिन्याला साडेसात हजारांचा, म्हणजे वर्षाला ९०,००० रुपयांचा, आणि तो एका पगारपत्रिकेवरून पडतो. दुसऱ्या पद्धतीने पाहिले तर पतीचे दोन वाटे, पत्नी, मुलगी आणि पतीवर अवलंबून असलेली आई यांचा प्रत्येकी एक, असे पाच वाटे होतात. वाटा २०,००० रुपयांचा आणि पत्नी व मुलगी मिळून ४०,००० रुपये. न्यायाधीश या दोहोंपैकी कशालाच बांधलेले नाहीत. पत्नी पतीच्याच नावावरच्या फ्लॅटमध्ये राहत असेल आणि हप्ता तोच भरत असेल, तर घरभाड्याचा भाग वजा होतो. मुलीच्या शाळेची फी तो थेट भरत असेल तर तीही लक्षात घेतली जाते.

पत्नी कमावती असेल तर काय, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. खासगी शाळेत १२,००० रुपयांवर शिकवणाऱ्या पत्नीचा हक्क तेवढ्याने संपत नाही; त्या उत्पन्नात तिला सासरी असतानाच्या दर्जाने राहता येते का, हे पाहिले जाते आणि पोटगी तेवढ्या प्रमाणात कमी होते. ती कमावू शकते, याचा अर्थ ती कमावते असा होत नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने केलेला आहे. मात्र चांगली नोकरी दाव्याच्या तोंडावर सोडून बसलेल्या अर्जदाराकडे न्यायालय सहानुभूतीने पाहत नाही, आणि हाच नियम नोकरी सोडून 'बेरोजगार' झालेल्या पतीला अधिकच कडकपणे लागतो. धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करूनही पत्नी-मुलांचे पोट भरले पाहिजे, असे न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

वागणुकीचा मुद्दा अगदीच निरर्थक नाही. कलम १४४ खाली व्यभिचारात राहणारी, सबळ कारणाशिवाय पतीसोबत राहण्यास नकार देणारी किंवा परस्पर संमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगीस अपात्र ठरू शकते, आणि कलम २५ मध्येही पक्षकारांची वर्तणूक हे शब्द आहेत. पण एखाद्या जुन्या संशयावरून किंवा मोबाइलमधल्या चार संदेशांवरून व्यभिचारात 'राहणे' शाबीत होत नाही. पतीने नांदायला येण्याचा हुकूमनामा मिळवला आणि पत्नी गेली नाही, एवढ्यावरूनही तिची पोटगी आपोआप जात नाही, असे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे.

पाचवा टप्पा: दरमहा की एकरकमी

दोन्ही पर्याय कलम २५ मध्येच आहेत. दरमहा पोटगीत पैसे थकण्याची आणि दर वेळी वसुलीसाठी पेशीवर जाण्याची कटकट असते; एकरकमीत ती संपते, पण रक्कम कमी ठरली तर पुन्हा मागण्याची वाट अरुंद होते. हिशेब साधा आहे. दरमहा २५,००० म्हणजे वर्षाला ३ लाख. ७ टक्के व्याजाने तेवढे व्याज यायला सुमारे ४३ लाख रुपये ठेवावे लागतील. मुद्दलालाही हात लावायचा ठरवला तर कमी रक्कम पुरते, पण मग ती किती वर्षे पुरायची आहे आणि महागाई किती वाढेल, हे अर्जदाराचे वय पाहून ठरवावे लागते. करातही फरक पडतो: मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या निकालाप्रमाणे दरमहा पोटगी मिळणाऱ्याच्या हातात उत्पन्न ठरते आणि एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची असल्याने उत्पन्नात धरली जात नाही. देणाऱ्याला तिची करात वजावट मिळत नाही.

दरमहा घेत असाल तर वाढीचे कलम आदेशातच मागावे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरमहा ५०,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिला, तोच धागा पकडावा. नाहीतर दर तीन-चार वर्षांनी वाढीचा नवा अर्ज, नवी नोटीस आणि नव्या तारखा.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात रक्कम न्यायाधीश ठरवत नाहीत, पक्षकार ठरवतात, आणि म्हणून तडजोडीचा मसुदाच सगळे काही असतो. 'पोटगी म्हणून अमुक लाख दिले' एवढे लिहू नये. किती रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, किती दुसऱ्याच्या वेळी, डिमांड ड्राफ्टने की खात्यावर, चुकल्यास काय. स्त्रीधनातले दागिने वजनासह कुणाकडून कुणाला. मुलांचा खर्च वेगळा की यात धरलेला. क्रूरतेचा गुन्हा दाखल असेल तर तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे संमती कोण आणि कधी देणार. हे सगळे एकेका परिच्छेदात यावे. दोन अर्जांमधला सहा महिन्यांचा काळ न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, हे २०१७ पासून स्थिर झाले आहे. अशा तडजोडीत आई आपला हक्क सोडू शकली तरी मुलाचा सोडू शकत नाही, ही गोष्ट मसुदा लिहिणारेही कधी कधी विसरतात.

सहावा टप्पा: वसुली

आदेश झाला तरी पैसे आपोआप येत नाहीत. कलम १४४ च्या आदेशाची रक्कम थकली तर वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. त्यानंतरची जुनी थकबाकी या मार्गाने मिळत नाही. म्हणून वहीत प्रत्येक महिन्याची नोंद ठेवावी आणि आठ-दहा महिन्यांवर थकबाकी जाऊ देऊ नये. वॉरंट काढूनही पैसे भरले नाहीत तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी माफ होत नाही, हे पतीच्या मित्रमंडळींनी त्याला वेळीच सांगितलेले बरे.

हिंदू विवाह अधिनियमाखालच्या हुकूमनाम्याची वसुली दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून होते. पगारदाराच्या बाबतीत पगार जप्तीचा मार्ग सगळ्यांत भरवशाचा, कारण पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो आणि उरलेल्यातून थेट कपात करता येते. स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा चढवण्याची मागणी कलम २५ खाली आधीच करून ठेवावी. बोजाची नोंद सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर आली की जमीन विकून मोकळे होण्याचा विचार मागे पडतो.

सातवा टप्पा: बदल, शेवट आणि अपील

परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो: नोकरी गेली, आजार आला, पगार दुप्पट झाला, मुलगा महाविद्यालयात गेला. त्यासाठी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ चे पोटकलम २ आणि नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४६ आहे. पत्नीने पुनर्विवाह केला तर पतीने आदेश रद्द करून घ्यावा; परस्पर पैसे थांबवले तर आदेश कागदावर जिवंत राहतो आणि थकबाकी वाढत जाते.

अंतरिम आदेशाविरुद्ध कुटुंब न्यायालय अधिनियमाखाली अपील नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. कलम १४४ च्या अंतिम आदेशाविरुद्ध पुनरीक्षण आणि हुकूमनाम्याविरुद्ध अपील आहे. अपिलाची मुदत कुटुंब न्यायालय अधिनियमात ३० दिवस आणि हिंदू विवाह अधिनियमात ९० दिवस आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवसांची बाजू मान्य केलेली असली, तरी मी पक्षकाराला ३० दिवसच सांगतो. निकाल सुनावला त्याच दुपारी प्रमाणित नकलेचा अर्ज द्यावा. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, पण ते अर्जाच्या तारखेपासून मोजतात. घरी जाऊन चार दिवस विचार करण्यात गेलेले चार दिवस त्यात धरले जात नाहीत.